बांगड्यांचा सीन

१२ एप्रिल

आला! पुण्याहून दहिवडीपर्यंत जयराजनं खोकं मांडीवर धरून आणलं. एसटीत वर ठेवू दिलं नाही, फलटणला चहालाही उतरला नाही. दारात आला तेव्हा दोन्ही पायांना मुंग्या आलेल्या.

सिनेमाचा कॅमेरा. खराखुरा! चार वर्षं आमची वेब सिरीज मी लग्नाच्या ऑर्डरी करते त्याच कॅमेऱ्यावर काढतेय. जयराज लिहितो आणि बसवतो, मी शूट करते, बाकी सगळं गाव करतं. नवा कॅमेरा हवा हे टुमणं माझंच. आल्या आल्या म्हणाला, “अंकिता, तुझ्या शब्दावर घेतलाय बरं का.” माहीत आहे! सारखं सांगायची गरज नाही.

पूजा झाली. नारळ जयराजनं फोडला. कुंकू लावायची वेळ आली तशी आई मागं सरकली आणि भिंतीवरून शेजारच्या वहिनीला हाक मारली. वहिनी कणीक मळत होती, हात धुऊन आली, कुंकू लावून गेली. घर आमचं, कॅमेरा आमचा — आणि कुंकवाला शेजारीण! मी बोलले तर आई म्हणते, “नव्या वस्तूला कशाला उगं.” बाबा जाऊन एकवीस वर्षं झाली. वाद घातला नाही. काचेवर कुंकवाचा कण उडाला होता, तेवढा फुंकून काढला.

१३ एप्रिल

मेनूत शंभरावर गोष्टी. मला त्यातल्या बारा कळल्या. पण चित्र! आमच्या गोठ्यातली म्हैस इतकी देखणी आहे हे मला आजवर माहीत नव्हतं.

१५ एप्रिल

शेवटच्या भागाचं एकदाचं नक्की झालं. नायक अपघातात जातो आणि त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडतात. एकाच दमात, न तोडता घ्यायचा सीन. ह्या एका सीनसाठीच मी कॅमेऱ्याचा हट्ट धरला होता.

ग्रामसभेनं गेल्या वर्षी ठराव केलाय — बाईचा नवरा गेला तर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. फ्रेम करून ग्रामपंचायतीत लावलाय. त्यानंतर गावात तीन माणसं गेली. तिन्ही घरांत दार लावून सगळं व्यवस्थित झालं. म्हणून जयराजला हे दाखवायचंच आहे.

फोडणारीचं काम धोंडूआजी करणार. पंच्याहत्तरीची आहे. स्वतः विसाव्या वर्षी विधवा झाली, आणि पुढची चाळीस वर्षं गावात कुणाचंही असं झालं की तिलाच बोलावणं जायचं. जयराज खूश — “तिला शिकवायलाच नको.” शिकवायला नको हे खरं. माझ्या आईचंही तिनंच केलं. मी आठ वर्षांची होते. मला शेजारी दूधभात खायला बसवलं होतं आणि भिंतीपलीकडून आवाज आला होता. हे मी जयराजला सांगितलं नाही. त्याला माहीतच असणार, गावाला सगळं माहीत असतं.

१८ एप्रिल

नायिका राजनंदिनी तयार झाली. सांगलीची आहे, नाटकात कामं करते, चेहरा फार बोलका. लग्नाला आठ महिने झालेत. आधी सरळ नाही म्हणाली. मग जयराजनं तिच्या सासूबाईंना फोन लावला, अर्धा तास बोलला. शेवटी अट घालून परवानगी — एकदाच. काही झालं तरी एकदाच. स्वतःचं मंगळसूत्र सासूबाईंकडे काढून ठेवणार, बांगड्या आमच्या.

“एकदा म्हणजे नाटक झालं,” राजनंदिनी मला म्हणाली. “दुसऱ्यांदा केलं तर मलाच ते खरं वाटायला लागेल.”

मी म्हटलं, एकदाच लागेल. नवा कॅमेरा आहे.

कशाला म्हटलं! आपलीच दृष्ट लागायची.

२१ एप्रिल

लिहिते. नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

सकाळी नऊलाच ऊन असं की पत्र्याला हात लागेना. सीन धोंडूआजीच्याच अंगणात. दोन तालमी झाल्या, त्यात बांगड्यांना हात लावला नाही. तालमी होईस्तोवर कॅमेरा तापला. हात ठेवला तर भाकरीच्या तव्यासारखा. पडद्यावर पिवळं चिन्ह यायला लागलं. मी डोकं चालवलं — पंचा ओला केला, पिळला, माठाला गुंडाळतो तसा कॅमेऱ्याभोवती गुंडाळला. सगळे म्हणाले, वा! चिन्हही गेलं. मला माझंच कौतुक.

मग सीन. काय केलं राजनंदिनीनं! रडली नाही. धोंडूआजीनं तिचा हात धरून पाटावर ठेवला, दगड उचलला, तेव्हा तिनं फक्त मान वळवली. एक हात झाला. दुसरा झाला. मी डोळा लावून उभी. तेवढ्यात डोळ्यापुढं काळं! मला वाटलं मलाच भोवळ आली. कॅमेरा गेला होता.

पुन्हा चालू केला. पाच मिनिटांनी झाला. कार्डावर फाईल होती, आत काही नाही. शून्य. सगळा सीन शून्य.

जयराज ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसला आणि बांगड्यांचे तुकडे वेचायला लागला. राजनंदिनीनं एकदाच विचारलं, “आलं का?” मी मान हलवली. ती आत गेली, कपडे बदलले, सासूबाईंना फोन केला. “मी सांगितलं होतं ताई,” एवढंच म्हणाली. साडेबाराच्या गाडीनं गेली. निरोप द्यायलाही मला तोंड नव्हतं.

आईनं शूटिंगच्या माणसांसाठी पिठलं-भाकरी आणली होती. सगळे जेवले. मी जेवले नाही. आईनं आग्रह केला नाही.

माझ्याच शब्दावर घेतलाय. व्हय बाबा, माझ्याच.

२२ एप्रिल

दुकानाला सात फोन. “मॅडम, सॉफ्टवेअर अपडेट करा.” केलं. घरात सावलीत दोन तास चालवला — तक्रार नाही, निवांत चालतोय! म्हणजे चारचौघांत तोंडघशी पाडायचं आणि घरी शहाण्यासारखं वागायचं. फेकून द्यावासा वाटला. मग पुसून पेटीत ठेवला.

२४ एप्रिल

विट्यात गाडी बदलून सांगलीला जाऊन आले. राजनंदिनीच्या सासूबाई वाईट नाहीत. चहा दिला, भडंग दिलं, माझं कोण कुठलं विचारलं. मी गोल गोल बोलत मुद्द्यावर आले. त्यांनी बशी खाली ठेवली.

“हे बघ बाळ, मी जुन्या विचारांची असं तू म्हणशील. म्हण. माझ्या पोराच्या नावानं सुनेच्या बांगड्या एकदा फुटल्या, त्या रात्री मी जेवले नाही. परत नको म्हणूस.”

राजनंदिनी दाराआड उभी होती. मनगटावर काचेचा बारीक ओरखडा अजून दिसत होता. मी उठले. येताना त्यांनी शिल्लक भडंग कागदात बांधून दिलं. राग येण्यासारखं एकही वाक्य त्या बोलल्या नाहीत, त्यामुळे सगळा राग माझ्यापाशीच राहिला.

२६ एप्रिल

जयराजनं तीन बायकांना विचारलं. तिघी नाही म्हणाल्या. एकीनं तर त्याच्या आईकडे तक्रार केली. बरोबरच आहे. ठरावाला हात वर करणाऱ्याही ह्याच आणि नाही म्हणणाऱ्याही ह्याच. मी त्यांच्या जागी असते तर? लग्न झालेलं नाही म्हणून माझं बरं आहे, विचारच करावा लागत नाही.

हा भाग पंधरा मेला द्यायचाच आहे. सीन नाही तर भागाला अर्थ नाही, असं जयराज म्हणतो आणि मग माझ्याकडे बघत नाही.

२७ एप्रिल

आज आईनं मला गार केलं.

जयराज आमच्या ओसरीवर बसून रडगाणं गात होता. आई शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, “मी बसते.”

कुणाला कळेचना. मी म्हटलं, कुठं बसतेस?

“त्या पाटावर. माझ्या काय वाढवायच्या राहिल्यात? मला कुणाची भीती हाय?”

जयराज चाचरत, “काकू, पण ती नायकाची बायको आहे. तरणी.”

“मग गोष्ट बदल. तुझ्याच हातात हाय की न्हाई?” मग शेंगांकडे बघत, “धोंडूकाकीच करणार असंल तर बसते. दुसरी कोण आणलीस तर न्हाई.”

मी सरळ नाही म्हटलं. ओरडलेच. आई म्हणाली, “तुला कोण इचारतंय?” आणि टरफलं भरायला लागली. जयराजनं दोन तासांत नायकाला जिवंत केलं आणि त्याच्या बापाला मारलं. आता आई नायकाची आई. लेखकाचं बरं असतं.

मला हे नको आहे. इथं तरी स्पष्ट लिहिते — मला हे अजिबात नको आहे. पण कॅमेरा माझ्यामुळे आला, सीन माझ्यामुळे गेला, आता कोणत्या तोंडानं अडवू?

३० एप्रिल

साबेरामावशीला बोलावलं. ती गावोगाव बांगड्या भरत फिरते. लहानपणी आमच्या दारावरून जायची, मला दोन भरायची आणि आईकडे बघून “पाणी दे गं” म्हणायची. बस. आज आईनं तिच्यापुढं हात केला. मावशी एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे.

“शूटिंगसाठी गं,” मी म्हटलं.

“कशासाठी का असंना.” मावशीनं आईची बोटं दाबून बघितली. “माप इसरलीस का न्हाई, मनुबाई?”

“इसरले.”

“म्या न्हाई इसरले,” असं म्हणून तिनं न विचारता बरोबर मापाचा हिरवा जोड काढला. आईच्या हाताची हाडं आता भाजी-भाकरी करून रुंद झालीत, थोडं दुखलं असणार. बारा एका हातात, बारा दुसऱ्या. पैसे घेतले नाहीत. म्हणाली, ह्याचं घेत नसत्यात.

आईनं आरशापुढं जाऊन कुंकू लावून बघितलं. परवा पुसायचंय म्हणून नीट लागतं का ते बघायला, असं म्हणाली. मी मोरीत जाऊन रडले. आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. आई इतकी सुंदर दिसते! एकवीस वर्षं मला कुणी सांगितलं नाही.

नंतर कामाचंच बोलली. “किती लोक बघत्यात तुमचं?” मी म्हटलं, दोन-अडीच लाख. “ममईतली पण?” हो. “नाव दावता का गं?” शेवटी दाखवतो. बरं म्हणाली आणि भांडी घासायला बसली. घासताना बांगड्या वाजत होत्या. बाबा गेल्यापासून आमच्या घरात हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

२ मे

हे फक्त इथं.

सकाळी साडेसातला सुरुवात केली, ऊन चढायच्या आत. कॅमेऱ्यावर छत्री, ओला पंचा नाही, घाईत राहिलाच. कॅमेरा गार. सगळं ठीक.

आई पाटावर बसली. धोंडूआजीला कोण बसणार हे सांगितलंच नव्हतं! जयराजला वाटलं मी सांगितलं, मला वाटलं त्यानं. ती दारातून आली, बघितलं, थांबली.

“मनू, तू का बसलीस गं?”

“कर काकी.”

“तुझं केलंय की म्या.”

“परत कर. चालू हाय कॅमेरा.”

हे सगळं आलंय. एक अक्षर जयराजनं लिहिलेलं नाही. तो माझ्या बाजूला उभा, माझ्या खांद्यात नखं रुतवून — थांबवू नको, थांबवू नको.

आजीनं आईच्या कपाळावर अंगठा फिरवला. कुंकू पसरलं. मग हात धरला आणि पाटावर ठेवला. आजीनं दगड उचलला. मला भिंतीपलीकडचा आवाज यायला लागला. दूधभाताचा वास आला, खोटं नाही सांगत.

मी बटण दाबलं. बंद केला.

आणि ओरडले — “गेला! परत गेला!”

इतकं सोपं होतं. कुणाला शंकासुद्धा आली नाही. जयराजनं डोक्यावरची टोपी काढून आपटली. आजीनं दगड ठेवला आणि तिथंच फतकल मारून बसली, पदर तोंडात. आई माझ्याकडे बघत होती. बांगड्या चोवीसच्या चोवीस.

“ऱ्हाऊ दे,” जयराज टोपी उचलत म्हणाला. “देवाच्याच मनात न्हाई हा सीन. आवाजावर भागवू.”

आई बांगड्या घालूनच घरी चालत आली. वाटेत दोन बायकांनी वळून बघितलं. मी तिच्या शेजारून चालत होते आणि मला इतकं हलकं वाटत होतं की उड्या माराव्यात. खोटं बोलले, टीमचं नुकसान केलं, कॅमेऱ्याला बदनाम केलं. चालेल. दुसऱ्यांदा नाही फुटू दिल्या.

संध्याकाळी साबणाचं पाणी करून आईनं एकेक काढली. राहू दे म्हटलं. तिनं पुढची काढली.

३ मे

कॅमेरा पुण्याला दुरुस्तीला. जयराजच घेऊन गेला. मांडीवर नाही, पायाशी ठेवून.

७ मे

सर्व्हिस सेंटरचा मुलगा फोनवर. आवाज अगदी कोवळा, पण मला फैलावर घेतलं.

“मॅडम, ह्याच्यावर ओलं कापड घातलं होतं का?”

मी पंच्याचं कबूल केलं.

“खाली बारीक फटी आहेत ना, तिथून पंखा हवा ओढतो. तुम्ही त्याचं नाक दाबलंत. वर पाणी पाजलंत. आत सुताचे धागे निघालेत.”

म्हणजे एकवीस तारखेला मीच मारला. माझ्या हुशारीनं! चिन्ह गेलं ते थंड झाला म्हणून नाही, पंच्याचं टोक पडद्यावर आलं होतं म्हणून. ते मला आत्ता कळतंय. राजनंदिनीचा ओरखडा, तिच्या सासूबाईंचं न जेवणं — सगळं एका पंच्यापायी.

मग म्हणाला, “आणि दोन तारखेचं काय? त्या दिवशी तर सगळं नॉर्मल दाखवतंय. बटणानं थांबवलंय.” मी म्हटलं, चुकून हात लागला असेल. तो बरं म्हणाला.

जयराजला पंच्याचं सांगितलं. आधी बघत राहिला, मग इतका हसला की ठसका लागला. “माठ समजलीस व्हय गं?” आता गावभर होणार. होऊ दे. दुसरं सांगितलं नाही.

१० मे

कॅमेरा परत आला. ठणठणीत. भाग पंधरा तारखेला जाणार, बांगड्यांचा फक्त आवाज. तो आवाज मी बाजारातल्या बांगड्या पोत्यावर फोडून घेतला. बरा वाटतोय.

आई आठ दिवस कामापुरतंच बोलतेय. त्या दिवशी काढायला लागल्या म्हणून जिवाला लागलं असेल. श्रावणात मीच तिला भरायला लावणार आहे, ठरवलंय. काय म्हणेल ती म्हणेल.

११ मे

सकाळी भाकरी थापताना आईनं विचारलं, “का बंद केलास?” माझं बोट बटणावर पडलं आणि कॅमेऱ्याचा पुढचा लाल दिवा विझला, हे तिला समोरून दिसलं होतं. मी म्हटलं, तुला परत ते सोसावं लागू नये म्हणून.

“तवा दार लावलं हुतं,” ती म्हणाली. “धा बायका आत, आन् बाहीर कुणाला काय न्हाई. तू बी दूधभात खात हुतीस. कुणी बघितलं न्हाई अंके. म्हनून बसले हुते म्या. आत काय झालं ते काकीलाच ठावं हाय.”

भाकरी उलटली. चोवीस बांगड्या धुऊन फडताळात ठेवल्यात म्हणाली. धोंडूआजी परवा सकाळी येतेय, जयराजला निरोप गेलाय.

“आता नीट धर,” म्हणाली.